हळू गोळीचा नाद

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणारे एक वाचक विचारतात: ".३०८ विंचेस्टरची, मधून मोडून उघडणारी सिंगल-शॉट रायफल घेतली आहे. धक्का आणि आवाज दोन्ही माझ्या मुलाला सोसत नाहीत. सबसॉनिक (म्हणजे ध्वनीपेक्षा हळू गोळीची) काडतुसं घरीच भरावीत असं मनात आहे. एक ओळखीचे म्हणतात, .३०८ सोड, नवी बॅरल घे आणि एखादं वाइल्डकॅट (कारखान्यात न बनणारं काडतूस) बनव. सुरुवात कुठून करू? आणि दारू कमीच घालायची असल्यामुळे धोकाही कमीच ना?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. दारू कमी घातली म्हणून धोका कमी होत नाही. कित्येकदा वाढतो. (इथे दारू म्हणजे बंदुकीची. दुसरी घेतली असेल त्या संध्याकाळी मी भरायच्या टेबलाकडे फिरकतही नाही.)

मी मूळचा सांगलीचा, धंद्याने टूल-अँड-डायवाला. दक्षिण मिशिगनमध्ये पंचवीस वर्षं झाली, त्यातली बावीस काडतुसं भरण्यात गेली. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त घाबरलो तो दिवस सगळ्यात कमी आवाज झालेल्या गोळीचा होता. .३०-३० ची जुनी सिंगल-शॉट, २६ इंची बॅरल, तांब्याच्या आवरणाची गोळी. पावडर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्याही खाली. का, तर 'बघू तरी किती शांत होते'. पहिल्या पाच गोळ्या सुरेख गेल्या. सहाव्यांदा चाप ओढला आणि नेहमीच्या 'ठप्प'ऐवजी नुसतं 'फुस्स'. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. दुर्बिणीतून पाहिलं तर कागदावर पाचच भोकं. मला वाटलं, सहावी पाचव्याच्याच भोकातून गेली असणार. माणसाला स्वतःच्या नेमबाजीबद्दल किती भ्रम असतो पाहा! हात नव्या काडतुसाकडे गेलाही होता. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा म्हातारा, ज्याने तोवर माझ्याशी एक शब्द काढला नव्हता, तो नुसतं "स्टॉप" म्हणाला. रायफल मोडून मागून नळीत पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसेना. गोळी तोंडापासून वीतभर अलीकडे अडकून बसली होती. पुढची झाडली असती तर बॅरल फुगली तरी असती नाहीतर फाटली असती.

असं का होतं? सबसॉनिकसाठी बहुतेक वेळा झटकन जळणारी, पिस्तुलाची पावडर वापरतात, तीही थोडीशी. तिचा सगळा जोर पहिल्या काही इंचांत संपतो. पुढे गोळी फक्त मिळालेल्या वेगावर सरकत असते आणि तांब्याचं आवरण नळीच्या आट्यांत (आतल्या पीळदार खाचांत) घासत तिला अडवत असतं. म्हणजे अशा भरणीत लांब बॅरल गोळीला पळवत नाही, ब्रेक लावते. शिशाची ओतीव गोळी मऊ असते, तेल लावलेल्या बोटासारखी निसटते, म्हणून जुनी मंडळी हळू भरणीला शिसंच वापरत आली. आवरणाची गोळी आणि सबसॉनिक वेग हे जमतं, पण त्यासाठी प्रकाशित, तपासलेला आकडाच हवा. अंदाजाने खाली खाली जायचं नाही. आणि आवाज वेगळा आला की थांबायचं, रायफल उघडायची, उजेड बघायचा. सिंगल-शॉटमध्ये हे बघणं दोन सेकंदांचं काम आहे, हा तिचा मोठाच गुण.

दुसरा धोका दुप्पट भरणीचा. .३०८ च्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) जवळपास ५६ ग्रेन पाणी मावतं. ग्रेन म्हणजे ढोबळमानाने अर्धी गुंज. आपली सबसॉनिक भरणी तळाशी कुठेतरी चिमूटभर पडलेली असते. चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, तिसऱ्यांदा पडली तरी बहुधा नाही. फोन वाजला, मुलगी काही विचारायला आली, आणि आपण त्याच पुंगळीवर पुन्हा फनेल धरला, एवढंच पुरतं. मी आता एका वेळी एकच पुंगळी भरतो, टॉर्चने आत बघतो आणि लगेच गोळी बसवतो. पन्नास पुंगळ्या ओळीने भरून मग गोळ्या बसवायची पद्धत सबसॉनिकसाठी मी बंद केली. वेळ जातो. जाऊ दे.

तिसरी गोष्ट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ठासणीची बंदूक भरताना दारू, मग बोळा, मग छर्रे, आणि गजाने ठासून, मध्ये फट राहता कामा नये. शब्दातच शास्त्र आहे. आपल्या धूरविरहित पावडरीला काळ्या दारूसारखं ठासायचं नसतं, पण मोठ्या पुंगळीतली मोकळी जागा तिलाही छळते. रायफलचं तोंड आधी खाली केलं तर पावडर पुढे गोळीकडे सरकते, वर केलं तर मागे प्रायमरपाशी (पावडर पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीपाशी) बसते. दोन्ही वेळा काडतूस तेच असलं तरी वेग वेगळा. मी एकदा पाच-पाच गोळ्या तशा मुद्दाम झाडून पाहिल्या, सरासरीत सेकंदाला पन्नास-साठ फुटांचा फरक आला. काही जण ही जागा पॉलिस्टरच्या तंतूने किंवा कापसाने भरतात. मीही दोन वर्षं केलं, मग सोडलं. असा बोळा वाईट बसला तर चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) पुढच्या भागात गोल वळ उमटतो. मित्राच्या जुन्या बॅरलमध्ये तो पाहिला आहे, बोटाला लागतो. आणि सावकाश जळणारी पावडर फारच कमी घातली तर क्वचित दाब अचानक कल्पनेपलीकडे चढतो, रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. नेमकं कारण काय यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: सावकाश पावडर अर्धीमुर्धी भरायची नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचा भाग मजेचा आहे आणि मजेत हे विसरायला होतं.

आवाज येतो कुठून? एक, नळीच्या तोंडाशी सुटणाऱ्या वायूचा स्फोट. दोन, गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली की तिच्याबरोबर चालणारा चाबकासारखा कडाका. सायलेन्सर लावला तरी हा दुसरा आवाज जात नाही, कारण तो नळीत नसतोच, हवेत असतो. तीन, आपोआप भरणाऱ्या रायफलच्या यंत्राचा खडखडाट आणि तिथूनच निसटणारा वायू. सिंगल-शॉटमध्ये हा तिसरा भाग नाहीच, म्हणूनच शांत भरणीचे नादी लोक तिच्यापाशी येऊन थांबतात. गोळी निघून गेली तरी काहीही हलत नाही. चौथा आवाज गोळी लागल्याचा. बाकीचे कमी झाले की तो पहिल्यांदा ऐकू येतो आणि नवखा माणूस दचकतो.

ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे सुमारे १,१२५ फूट. पण त्या आकड्याला चिकटून राहायचं नाही. गोळीच्या अंगावरून वाहणारी हवा ठिकठिकाणी गोळीपेक्षा वेगाने वाहते, त्यामुळे सीमेच्या अलीकडेच गडबड सुरू होते. मी १,०५० च्या वर जात नाही, हिवाळ्यात त्याच्याही खाली. हा धडा जुलै ते जानेवारी एवढा लांबचा होता. जुलैत ३० अंशांत माझी एक भरणी १,०८० फुटांनी जात होती, अगदी गुपचूप. तेव्हा ध्वनी १,१४५ च्या आसपास. तीच पेटी जानेवारीत उणे १५ ला घेऊन गेलो. पहिली गोळी, आणि कडाड! थंडीत पावडर जरा मंदावली होती, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) १,०६५ दाखवत होता. पण त्या हवेत ध्वनीच १,०५७ वर उतरला होता. गोळी आळसावली त्यापेक्षा हवा जास्त आळसावली.

म्हणून क्रोनोग्राफ आधी, बाकी सगळं नंतर. आणि सरासरीवर भुलू नका. सरासरी १,०४० असेल पण एक गोळी १,००० आणि दुसरी १,०८० असेल, तर कागदावर वर-खाली रांग दिसेल आणि मधूनच एखादी कडाडेल. गणित करून बघा: १,०५० फुटांची गोळी ५० यार्डांवर शून्य केली (म्हणजे तिथे नेमावरच लागेल अशी दुर्बीण जुळवली), दुर्बीण नळीच्या दीड इंच वर असेल, तर १०० यार्डांवर ती साडेसहा-सात इंच खाली लागते आणि १५० वर जवळजवळ दोन फूट. इतक्या वाकड्या वाटेवर वेगातला थोडा फरकही मोठा दिसतो.

ज्यांना वाटतं की हळू गोळी म्हणजे बोथट काम, त्यांनी कोल्हापूरकडे बघावं. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. दोघांचीही रायफल .२२ ची, एका वेळी एकच काडतूस घालायची, आणि स्पर्धेची गोळी ध्वनीच्या वेगाच्या खालीच ठेवलेली, कारण सीमा ओलांडताना गोळी डगमगते. सिंगल-शॉट आणि सबसॉनिक ही जोडी ऑलिंपिकमधल्या ५० मीटरच्या रायफलींची आहे. मी स्वतः पहिली गोळी झाडली ती एनसीसीत, .२२ नेच. तेव्हा सबसॉनिक हा शब्दही माहीत नव्हता, सुभेदार साहेबांचा आवाज मात्र गोळीपेक्षा मोठा होता एवढं आठवतं.

आता वाइल्डकॅट. कारखाना जे काडतूस बनवत नाही आणि ज्याचं माप प्रमाणित झालेलं नाही, ते वाइल्डकॅट. अमेरिकेत हे प्रमाणीकरण सामी ही संस्था करते, ती १९२६ ची. वाइल्डकॅट करायचं म्हणजे असलेल्या पुंगळीची मान बारीक किंवा रुंद करायची, खांदा पुढेमागे करायचा, उंची कापायची. या खेळाचा इतिहास बहुतेक वेगाच्या हव्यासाचा आहे. .२२ हॉर्नेटचं काम स्प्रिंगफील्ड आर्मरीतल्या मंडळींनी जुन्या .२२ विंचेस्टर सेंटरफायरवर केलं. १९३० ला विंचेस्टरने काडतूस विकायला काढलं तेव्हा त्यासाठी कारखान्याची रायफलच नव्हती, लोक जुन्या रायफलींच्या नळ्या बदलून घेत होते. .२५-०६ जवळजवळ पन्नास वर्षं वाइल्डकॅट म्हणून फिरलं आणि १९६९ ला रेमिंग्टनने त्याला घरात घेतलं. .२२-२५० ला ते भाग्य १९६५ ला मिळालं. आणि अ‍ॅकली नावाच्या अवलियाने .३७८ वेदरबीची भलीमोठी पुंगळी .२२ पर्यंत आवळून जे काढलं, त्याचं नावच 'इअरजेस्प्लिटन लाउडनबूमर', म्हणजे थट्टेच्या जर्मनमध्ये कानफाड्या. तुमच्या मुलासाठी नव्हे.

उलट्या दिशेने, म्हणजे शांततेकडे जाणारं सर्वांत गाजलेलं वाइल्डकॅट .३०० व्हिस्पर. एसएसके इंडस्ट्रीजच्या जे. डी. जोन्स यांनी ते काढलं. १९६३ च्या .२२१ फायरबॉलची छोटी पुंगळी घेतली, तिची मान .३० ला रुंद केली आणि तिच्यात २२०-२४० ग्रेनची लांब जड गोळी बसवली. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर उरतं वजन, हा तो साधा विचार. थॉम्पसन/सेंटर कंटेंडर ही १९६७ पासूनची सिंगल-शॉट, दोन मिनिटांत नळी बदलता येणारी. तिच्यावर असले प्रयोग करणं सोपं होतं, म्हणून अशी निम्मी काडतुसं तिच्या मांडीवर वाढली. पुढे हाच विचार .३०० ब्लॅकआउट या नावाने २०११ ला सामीच्या यादीत गेला, आणि आज ते कुठल्याही दुकानात मिळतं.

इथेच तुमच्या ओळखीच्यांशी माझा मतभेद. ज्या कामासाठी वाइल्डकॅट करायचं, ते काम करणारं काडतूस आज दुकानात असेल, तर वाइल्डकॅट हा शांततेचा मार्ग नाही, तो शिकण्याचा आणि पैसे घालवण्याचा मार्ग आहे. मला दोन्ही आवडतं म्हणून मी करतो. रीमर (चेंबर कापायचं हत्यार) भाड्याने आणायचा, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे) खास बनवून घ्यायच्या, भरणीचे आकडे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाहीत आणि पुढे रायफल विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही.

तरी नाद लागलाच तर पहिलं काय चुकतं ते दाखवतो. .३०० च्या पुंगळ्या .२२३ च्या रिकाम्या पुंगळ्या कापून करता येतात. खांद्याच्या खाली कापायचं, डायमध्ये दाबायचं, नवी मान तयार. पण नवी मान म्हणजे जुन्या पुंगळीचं पोट, आणि पोटाची भिंत मानेपेक्षा जाड असते. .३०० ब्लॅकआउटच्या भरलेल्या काडतुसाची मान जास्तीत जास्त .३३४ इंच. गोळी .३०८. उरले .०२६, म्हणजे प्रत्येक बाजूला .०१३. मी पहिल्यांदा केलेल्या वीस पुंगळ्यांपैकी सात जणींची भिंत मायक्रोमीटरवर .०१४ आली. दिसायला अगदी सारख्या! चेंबरमध्ये त्या जरा जोराने बसतात, एवढाच इशारा. तशी गोळी झाडली तर मानेला फुलायला जागा नाही, गोळी सुटत नाही आणि दाब चढतो. बाह्य व्यास, भिंत, लांबी, या तिन्ही गोष्टी प्रत्येक पुंगळीवर मोजायच्या. नापास झालेल्या पुंगळ्या मी पक्कडीने चेपून टाकतो, नाहीतर 'असू दे, कामाला येईल' म्हणून परत डब्यात जातात.

दुसऱ्याने कापलेली बॅरल घेतली असेल तर चेंबरचा साचा आधी घ्या. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू त्यासाठीच मिळतो, उकळत्या पाण्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो. नळीत आट्यांच्या सुरुवातीला कापडाचा बोळा ठेवायचा, ओतायचा, घट्ट झाला की काढायचा. तो आधी जरासा आक्रसतो, मग फुगायला लागतो, आणि ओतल्यापासून तासाभराने नेमका चेंबरच्या मापाचा होतो. तेव्हाच मोजायचं. माझ्या एका वापरलेल्या बॅरलवर कोरलं होतं एक आणि साचा निघाला दुसऱ्याच काडतुसाचा. वितळवायला वापरलेला टोप पुन्हा चहाला घ्यायचा नाही, त्या मिश्रणात शिसं आणि कॅडमियम असतं. आमच्या घरी तो टोप आता गॅरेजमध्ये असतो, त्यामागे माझं शहाणपण कमी आणि बायकोचं जास्त.

सिंगल-शॉटची चौकट किती सोसते हा प्रश्न वाइल्डकॅटवाले सर्रास विसरतात. मधून मोडणाऱ्या रायफलीत काडतुसाचा मागचा रेटा चौकट आणि तिची कडी सोसते. ढोबळ हिशोब: बुडाचं क्षेत्रफळ गुणिले दाब. .३०-३० चा कमाल दाब दर चौरस इंचाला ४२,००० पौंड, बूड .४२२ इंच, रेटा सुमारे ५,९०० पौंड. .२२३ चा दाब ५५,०००, पण बूड बारीक, .३७६ इंच, रेटा ६,१०० च्या आसपास. म्हणून दोन्ही काडतुसं कंटेंडरमध्ये सुखाने नांदतात. .३०८ चा दाब ६२,०००, बूड .४७०, रेटा १०,८०० च्या जवळ, जवळजवळ दुप्पट. म्हणून .३०८ ला जास्त दणकट चौकट लागते. 'पण मी हळूच भरणार आहे' हे उत्तर चालत नाही, कारण उद्या ती बॅरल दुसऱ्याच्या हातात गेली की तो दुकानातलं पूर्ण दाबाचं काडतूस घालणारच.

हळू भरणीचा एक बारीक त्रास सिंगल-शॉटमध्ये लवकर कळतो. दाब कमी म्हणून पुंगळीची मान चेंबरला चिकटून बसत नाही, धूर मागे येतो आणि पुंगळी काजळीने काळी होते. ते चालतं. पण .३०८ सारख्या बिनकाठाच्या पुंगळीत प्रायमरच्या टोल्याने खांदा किंचित मागे जातो आणि कमी दाब तो परत पुढे आणत नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर प्रायमर बाहेर डोकावायला लागतात. ती पुंगळी मग पूर्ण भरणीत वापरली तर बुडापाशी फाटू शकते. सबसॉनिकच्या पुंगळ्यांच्या बुडाला लाल मार्करची रेघ, वेगळा डबा, आणि त्या डब्यातून परत बाहेर काढायच्या नाहीत. .३०-३० किंवा .४५-७० सारख्या काठाच्या पुंगळ्यांत हा त्रास नसतो, काठच चेंबरच्या तोंडाशी अडकतो. माझं आवडतं शांत काडतूस वाइल्डकॅट नाहीच, ते १८७३ चं .४५-७० आहे. मोठी शिशाची गोळी, हळू वेग, आणि लोखंडी पाटीवर घंटेसारखा टण्ण.

तुमच्या रायफलीबद्दल आता. मुलाला धक्का कमी हवा असेल तर सबसॉनिकपर्यंत जायची गरजच नाही. हॉजडन कंपनी एच४८९५ या पावडरीसाठी, जिथे जिथे ती मॅन्युअलमध्ये दिली आहे तिथे, कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली उतरायला स्वतःच संमती देते. गोळी ध्वनीपेक्षा वेगानेच जाईल, कडाका राहील, पण खांदा सुखावेल. ही सूट त्या एका पावडरीपुरती आहे, नावात ४८९५ असलेल्या दुसऱ्या पावडरीला ती लावायची नाही. मी इथे ग्रेनचे आकडे देत नाही. भरणीचे आकडे माझ्यासारख्याच्या लिखाणातून घ्यायचे नसतात, पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचे, दोन ठिकाणी ताडून.

खरंच शांत हवं असेल तर पर्याय दोन. एक, .३०८ मध्ये ओतीव शिशाच्या गोळ्या, प्रकाशित सबसॉनिक भरणी. दोन, तुमच्या चौकटीला .३०० ब्लॅकआउटची बॅरल मिळत असेल तर ती. दुसरा पर्याय महाग, पण लहान पुंगळीत थोडी पावडर व्यवस्थित भरते, मोकळी जागा कमी, वेग एकसारखा. आणि त्या नळ्यांचे आटे ७ किंवा ८ इंचांत एक फेरा घेतात, हे महत्त्वाचं. गोळी जितकी लांब, तितकी जास्त फिरकी हवी. ग्रीनहिलचं १८७९ चं सूत्र अजूनही ढोबळ कामाला पुरतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी. दीड इंच लांब .३०८ गोळीसाठी उत्तर येतं साडेनऊ इंच, आणि वेग कमी असेल तर त्याहून घट्ट फेरा हवा. पुष्कळ .३०८ नळ्या १० किंवा १२ च्या असतात. २२० ग्रेनची सुरेख गोळी १२ च्या नळीतून सबसॉनिक वेगाने सोडली की ती आडवी होऊन कागदावर चावीच्या भोकासारखा लांबट चिरा पाडते. सायलेन्सर लावलेला असताना ती आतच आपटते. म्हणून नवी भरणी आधी सायलेन्सरशिवाय, २५ यार्डांवर, आणि सगळी भोकं गोल आली तरच पुढे.

शिकारीचा विचार असेल तर मी नाही म्हणेन. २२० ग्रेन, १,०५० फूट, ऊर्जा साधारण ५४० फूट-पौंड. तुमची नेहमीची १५० ग्रेनची .३०८ त्याच्या पाचपट जवळ जाते. आणि साधी शिकारीची गोळी एवढ्या कमी वेगाला फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते. खास हळू वेगाला फुलणाऱ्या गोळ्या मिळतात, पण हरणाला जखमी करून अंधारात शोधत फिरण्याची हौस मला नाही. हळू जड शिसं दगडावरून उसळतंही लांब, तेव्हा मागे मातीचा बांध हवाच.

सायलेन्सरबद्दल दोन ओळी. १९३४ च्या संघीय कायद्याने त्याची नोंदणी लागते. २०० डॉलरचा कर २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र तशीच आहे आणि काही राज्यांत तो ठेवताच येत नाही. नेटवर 'सफाईचं साहित्य' म्हणून विकले जाणारे नळकांड्यांचे संच मंजुरीशिवाय भोकं पाडून वापरणं हा दहा वर्षांपर्यंत तुरुंगाचा गुन्हा आहे. आपल्या मंडळींसाठी आणखी एक: एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही. तुमची स्थिती काय आहे ते प्रश्नात नाही, वकिलाला विचारून घ्या. आणि रेंजची बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. एका ओळखीच्याच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस विमानतळाच्या क्ष-किरणात दिसलं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आईच्या पंचाहत्तरीला आलेला माणूस पोलीस ठाण्यात बसून राहिला. तिकडे घरी काडतुसं भरून बघण्याचा विचारही नको, परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे.

शांत भरणीलाही मुलाच्या कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. १४० डेसिबलच्या वरचा एकच टोला कान बिघडवू शकतो. साधी रायफल १६० च्या पुढे जाते. 'शांत' हा शब्द त्या पट्टीवरचा आहे, घरातल्या पट्टीवरचा नाही.

बॅरल बदलायची की नाही हे ठरवण्याआधी एक काम करा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी उघडा, फिरत्या मुठीच्या सफाईच्या गजाला घट्ट बसणारं कापड लावा, ते आट्यांत घालून गजावर मागे एक खूण आणि वरच्या बाजूला एक रेघ करा. मग सावकाश ढकला. रेघ पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की दुसरी खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर इंचांत मोजा. तीनदा मोजा, कापड घसरतं. तो आकडा कळवा, मग गोळीचं बोलू.